रात्रीच्या पानातली भाजी

माझ्या सासरी सकाळी देवाचं नाव घेण्याआधी एक प्रश्न विचारला जाई. परसातून हातपाय धुऊन येणाऱ्या प्रत्येकाला विहिरीपाशी उभ्या असलेल्या तुळजात्या खणखणीत आवाजात विचारत, "झालं का मोकळं?" मामंजींना विचारत, दिरांना विचारत, वस्तीला आलेल्या पाहुण्यालाही सोडत नसत. लग्न होऊन मी कुंभकोणम्‌ला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मलाही विचारलं. मी पंधरा वर्षांची. लाजेनं माझा जीव अर्धा झाला. मान खाली घालून मी म्हटलं, "हो." ते खोटं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि कळशी उचलून आत गेल्या.

तुळजात्या म्हणजे मामंजींची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा झाल्या, डोकं भादरून माहेरी परत आल्या आणि तेव्हापासून त्या घराची चूल त्यांच्या गळ्यात पडली. बुटक्या, काटक, लुगड्याचा पदर कानामागे घट्ट ओढलेला, आणि राग सदैव नाकाच्या शेंड्यावर. लोक म्हणत, तुळजाबाईचं तोंड वाईट. मी म्हणते, त्या घरात तेवढंच एक तोंड होतं. बाकीच्यांना नुसती भात गिळायची भोकं होती. माझे यजमानही त्यांतलेच, हे आज लिहायला मला काही वाटत नाही.

मामंजींचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात कारकून होते. राज्य इंग्रजांनी खालसा केलं त्याला तीन पिढ्या उलटल्या, तरी आमच्या घरात राजवाडा रोज पानावर वाढला जाई. शुभ्र भात, वर तूप, मग पुन्हा शुभ्र भात, सांबार, रसम, ताक. पूर्वी दोन बायका येऊन तांदूळ उखळात कांडायच्या. स्टेशनाजवळ गिरणी निघाली आणि मामंजींनी उखळ परसात पालथं टाकलं. गिरणीचा तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा दिसतो म्हणून त्यांना कोण अभिमान! तुळजात्यांनी पहिल्याच दिवशी तो तांदूळ मुठीत घेऊन परत सुपात टाकला.

"व्यंका," त्या भावाला म्हणाल्या, "कोंडा बैलाला घालतोस आणि कोंडा काढलेलं तूं खातोस. बैल सुखानं मोकळा होतो, मालक परसांत तासभर कण्हतो. शहाणा कोण?"

त्यांचा सगळा कटाक्ष रात्रीच्या जेवणावर असे. दिवसा राजवाडा होऊ द्या, पण दिवे लागल्यावर पानात चावायला लागेल असं काही हवं, हा त्यांचा नेम. केळीचा गाभा चकत्या करून ताकात टाकायच्या, चिरताना निघणारे दोरे तर्जनीवर गुंडाळत जायच्या, मग त्याची दह्यातली पचडी. केळफुलाची उसळ. शेवग्याचा पाला तुरीच्या डाळीत. कुळथाचं सार. आणि गिरणीच्या भाताऐवजी सामै, म्हणजे आपला सावा, मऊ शिजवलेला. द्वादशीला उपास सोडताना सगळं गाव हदग्याचा पाला खातं, तुळजात्या म्हणत, "एकादशीनंतर देवाला कळतं पोटाला किरै लागते म्हणून, मग बाकीचे दिवस देव झोंपतो का?" किरै म्हणजे पालेभाजी. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि तमिळ अशी हातात हात घालून चाले.

हे सगळं त्या शिजवत, आणि रात्री स्वतः खात नसत. विधवेनं एकदाच जेवायचं, रात्री मूठभर पोहे भिजवून घ्यायचे, असा आमच्याकडचा शास्त्रार्थ. ज्या बाईला रात्रीच्या अन्नाची एवढी अक्कल होती, तिच्यापुढे चाळीस वर्षांत रात्रीचं पान मांडलं गेलं नाही. आम्ही सगळ्यांनी हे रोज पाहिलं आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही.

आमच्या, म्हणजे घरातल्या बायकांच्या पानाचीही कथा फार निराळी नव्हती. पुरुष आधी जेवत. त्यांना गाभा आवडे, शेवगा आवडे, कुळीथही आवडे. नाकं मुरडत मुरडत तीनदा मागून घेत. मग मुलं. मग सासूबाई. आम्हा दोघी सुनांची पाळी येईतो पातेल्याला लागलेला मसाला तेवढा राही. भात मात्र मुबलक. तो पांढरा भात आणि ताक, सकाळी तेच, रात्री तेच. त्यातून परसात जायचं ते पहाटे अंधार असताना, एकदा. ती वेळ टळली की दुसऱ्या पहाटेपर्यंत सोसायचं. दोन वर्षांत माझ्या पोटाचा दगड झाला. रोज विहिरीपाशी तुळजात्या विचारत आणि रोज मी म्हणे, "हो."

मग रक्त पडू लागलं.

लुगड्यावरचा डाग सासूबाईंनी पाहिला आणि मला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी काय सांगणार होते? रक्त कुठून येतं हे सासूला सांगण्यापेक्षा चार दिवस बाहेर बसणं मला सोपं वाटलं. केवढी मूर्ख मी! पाचव्या दिवशी न्हाले, आठवड्यानं पुन्हा डाग, पुन्हा खोली. तिथे पान दारातून सरकवत, त्यावर भात आणि ताक. म्हणजे ज्यानं दुखणं आलं तेच दुप्पट. तीन महिने असे गेले तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला की ही पोर सदोष आहे, हिला मूल व्हायचं नाही. मामंजींनी माझ्या वडिलांना तिरुविडैमरुदूरला पत्र लिहून ठेवलं: मुलीला घेऊन जावे, आम्ही मुलाचा दुसरा विचार करतो. पत्र सकाळच्या टपालानं जायचं होतं. मुलगा, म्हणजे माझे यजमान, ओसरीवर बसून पान खात होते.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तुळजात्या बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. सोवळ्यातल्या बाईनं तिकडे फिरकणंही पाप. मी मागे सरकले.

"आत्या, विटाळ होईल."

"होऊं दे. हिंगं ये, जवळ. मी तीन महिने दिवस मोजतेंय. अस्कं सांग, लपवूं नको. रक्त पुढून येतं का मागून?"

मी रडायला लागले.

"रडूं नको, बोट दाखव."

मी दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला खोटं सांगत आलीस रोज. मला कळत होतं. मला वाटलं पोर लाजते, लाजूं दे. माझंही चुकलंच." त्या उठल्या आणि आंघोळ न करता सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

दिवे लागले. पुरुषांची पानं मांडली. मी बाहेरच्या खोलीत, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. भात वाढायची वेळ झाली आणि वाढप थांबलं.

"व्यंका," तुळजात्यांचा आवाज आला, "तुझ्या सुनेला मूळव्याध झालीय. तुला आहे तीच."

"अक्का! पानावर बसल्यावर हें काय बोलणं?"

"पानावरच बोलणार. पानानंच झालंय तें. तुला रक्त पडलं तेव्हां इंग्रजी डाक्तर आला, अंजिरं आलीं, बसायला मऊ गादी आली. तिला पडलं तर खोली. आणि आतां पत्र? तुझ्या बायकोला येवढंही कळूं नये, बाहेरची कोण आणि दुखणाईत कोण?"

कुणी तरी पाण्याचं भांडं पाडलं. सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. मग मामंजी, जे लग्नापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, ते भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, खरं का हें?"

पत्र आत फडताळावर होतं, आणि सकाळ व्हायला फार वेळ नव्हता. मी म्हटलं, "हो."

या वेळी ते खरं होतं.

पत्र गेलं नाही. मामंजींनी ते स्वतः फाडलं, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण हरलेला माणूस कुठे तरी जिंकायला बघतोच. दुसऱ्या दिवशी त्यांनी भटजींना बोलावून विचारलं की बाहेर बसलेलीला शिवून आंघोळ न करता जिनं चूल शिवली तिच्या हातचं खावं का. तुळजात्या हसल्या. "ती बाहेरची न्हवतीच, मग विटाळ कुठला? तूंच काल मान्य केलंस." चार दिवसांनी बैलगाडी आली आणि तुळजात्यांना तिरुनागेश्वरम्‌ला एका लांबच्या चुलतभावाकडे पोचवण्यात आलं. तिथेही चूलच होती. घरातलं कुणी एक अक्षर बोललं नाही. मीही नाही. जिच्या एका शब्दावर मी त्या घरात राहिले, तिच्यासाठी माझ्याजवळ एक शब्द निघाला नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही.

गाडीत बसताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "पोट म्हणजे कालवा. कावेरींतनं कितीही पाणी सोड, खालीं गाळ बसला तर शेत वाळतं. रात्रींच्या पानांत भाजी घेत जा. कुणी देणार नाहीं, घेत जा."

रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मी त्यांच्यासारखाच गाभा चिरला, केळफूल सोललं, पाला निवडला. आणि मजा पाहा, त्याच सुमारास मामंजींच्या इंग्रजी डाक्तरानंही त्यांना हिरव्या भाज्या खायला सांगितलं. झालं! तुळजात्या पंचवीस वर्षं ओरडल्या तो बायकी कटकट होती. डाक्तरानं कागदावर लिहिलं ते शास्त्र ठरलं. मामंजी चार वाट्या पचडी खाऊ लागले, महिन्याभरात मोकळे झाले आणि ओसरीवर आल्यागेल्याला डाक्तराची थोरवी सांगू लागले. पातेलं आमच्यापर्यंत येईतो अधिकच चकचकीत होऊन येई. मी चोरून चुलीपाशी दोन घास खाई, तेवढ्यावर माझं दुखणं कसंबसं निभावलं. जाऊबाईंना तेही जमत नसे.

वर्षानं दर्शनाच्या निमित्तानं तिरुनागेश्वरम्‌ला गेले. तुळजात्या परातीत तांदूळ निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. कशी आहेस विचारलं नाही.

"काल रात्रीं पानांत काय होतं?"

"गाभ्याची पचडी," मी म्हटलं.

"कुणाच्या पानांत?"

चुलीपाशी चोरून खाल्लेल्या दोन घासांचं मी सांगितलं. त्यांनी परात खाली ठेवली. "मी तुझ्यासाठीं घर सोडलं, आणि तूं चोरून खातीस? चोर का होतेस ग? तुझ्या हातांत पळी आहे." त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या आणि मी निघेपर्यंत वर पाहिलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी निरोप आला की त्या गेल्या. दिवस मामंजींनी आमच्याच घरी केले, लोकलाजेस्तव आणि थाटानं. तेराव्या दिवशी चाळीस पानांची पंगत. अक्काला आवडायचं म्हणून, असं सांगून मामंजींनी गाभा, केळफूल, शेवगा, सगळं माझ्याकडून करवून घेतलं. गिरणीच्या तांदळाचा भात तर होताच. पंगत बसली, संकल्प सुटला. एकेक वाढप झालं. पहिल्याच घासाला भटजी वाहवा म्हणाले, आणि दुसऱ्या वाढपासाठी हाका सुरू झाल्या. "पचडी आणा. शेवगा आणा."

तीन पातेली अर्ध्याहून अधिक भरलेली माझ्यासमोर होती. मागच्या पडवीत सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या सहासात बायका, सकाळपासून उपाशी, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या. मी पातेली एकेक करून उचलली, पडवीत नेली आणि बायकांच्या पानांवर पळीनं वाढून टाकली, तळ दिसेपर्यंत. सासूबाई "अग, अग" म्हणत राहिल्या. जाऊबाईंनी मात्र खाली मान घालून खायला सुरुवात केली.

मग मी रिकामी पळी घेऊन पंगतीत आले. मामंजी हात थांबवून बसले होते.

"सूनबाई, पचडी?"

"संपली," मी म्हटलं. "भात वाढू?"