पाहुण्याची हिरवी मिरची

तिखट खाणं हा आमच्या भंडारा जिल्ह्यात आहार नसून चारित्र्याचा दाखला आहे. माणूस किती शिकला हे कुणी विचारत नाही. घाम न पुसता किती मिरच्या खातो, हे मात्र गावभर ठाऊक असतं. या अडाणीपणाची मला मनापासून कीव येते. (त्या दिवशीही येत होती. तेच नडलं!)

बाबांनी चिखलात धानाची रोवणी करून मला बीएस्सी केलं. ते उपकार फिटायचे नाहीत. त्याच बाबांबरोबर आणि मामांबरोबर मी सिहोऱ्याहून करडीला मुलगी पाहायला गेलो. मुलगी फोटोतच पसंत होती. तिकडून नकार येऊ नये, एवढीच धास्ती.

आधी तर्री-पोहे आले. पोहे नावाला, वर नुसता लाल तेलाचा तलाव! प्रत्येकाच्या बशीत एक कच्ची हिरवी मिरची. मामांनी आपली काकडीसारखी कडाकडा खाल्ली.

"काहून जी पाहुणे, मिरची तशीच?" मुलीच्या वडिलांनी मला विचारलं.

"शिकला ना तो! फिक्कं खाते," मामा म्हणाले. (सख्खा मामा!)

झालं, माझी पदवी खवळली. "तिखट ही चवच नाही," मी सुनावलं, "ती जिभेला होणारी इजा आहे. तुम्ही तिला मर्दुमकी समजता! आणि वर पाणी पिता. पाण्यानं आग विझत नाही, पसरते. दूध प्यावं लागतं."

स्वयंपाकघराच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

"म्हणजे आमी इतकी वर्सं इजाच खाऊन राहिलो?" मुलीचे वडील म्हणाले.

"खाऊन दाखव ना बे, मंग शिकव!" मामा.

मी मिरची मधोमध मोडली आणि बियांसकट चावली. क्षणभर काहीच झालं नाही. मी तुच्छतेनं हसलोसुद्धा! मग कान बंद झाले.

"दूध!" मी ओरडलो.

होऊ घातलेल्या जावयाला थंड दूध कसं द्यायचं? मुलीच्या आईनं चहासाठी ठेवलेलं, उकळी फुटलेलं दूध पेल्यात ओतून दिलं. मी ते घटाघटा प्यालो. आता आगीत वाफही मिसळली! डोळ्यांना धारा लागल्या. त्या मी पुसल्या. ज्या हातानं मिरची मोडली होती, त्याच हातानं!

नेमकी तेव्हाच मुलगी चहा घेऊन आली, असं म्हणतात. मला काही दिसत नव्हतं.

"माय वं! पोरगी पसंत नाही का जी? रडून काहून राहिले?" तिची आई घाबरली.

"आनंदाचे हायेत ते," बाबा म्हणाले. बिचारे माझ्यासाठी खोटंही बोलले.

"इचारा मंग पाहुणे, पोरीले काही इचारायचं असन तर," तिचे वडील म्हणाले.

भावी आयुष्याबद्दल मी चार प्रश्न पाठ करून आलो होतो. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

"पाणी... हाये का?"

"हाये ना जी," शांत आवाज आला. "पण पाण्यानं पसरते म्हणे. तुमीच तं सांगितलं!"

तरीही तिनं होकार दिला. (कीव येण्याचा मक्ता माझ्या एकट्याकडे नव्हता.) लग्नात बिदाईच्या वेळी सगळा मांडव हुंदके देत होता, नवरीचे डोळे मात्र कोरडे.

"रडत काहून नाही वं?" माझ्या सासूबाईंनी तिला दटावलं.

"ते कायले रडन?" सासरे मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "जावयानं पाहाले आला तवाच रडून टाकलं ना!"