पिवळी रेघ

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, अब्बांना नाही. शुक्रवारी मशिदीत मान खाली घालून बसतो, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नीट शब्दांत नाही. आज दुपारी बोललो, एका माणसापाशी. तेव्हापासून अंगात नुसती थरथर आहे. भीतीची म्हणावी, तर तशी नाही. बांधलेलं इंजिन पहिल्यांदा पेट घेतं तेव्हा बॉनेटवर हात ठेवला की तळव्याला जाणवते ना, तसली. हाताचं ग्रीसही अजून धुतलेलं नाही. म्हटलं, आत्ताच लिहावं. उद्या मी परत गप्प बसेन — मला मी ओळखतो.

पलूसला माझं गॅरेज आहे. माझं म्हणजे माझं आणि मारुतीचं. मारुती माझा शाळेपासूनचा दोस्त. तो फौजेत गेला, गाड्यांच्या दुरुस्तीत राहिला. मी इथंच अब्बांच्या हाताखाली पंप आणि डिझेल इंजिनं खोलत बसलो. पेन्शन घेऊन तो आला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून शटर उघडलं. मला कौतुक होतं त्याचं. आणि — हेही सांगायलाच हवं ना? — थोडा राग पण होता. मी बोल्ट आवळायचो ते मनगटाच्या अंदाजानं. त्यानं आणला टॉर्क रेंच. मुठीवर आकडा लावायचा, बोल्ट तेवढा कसला की पाना ‘कट्’ करून सांगतो, बास. आणि त्या ‘कट्’नंतर मारुती पिवळ्या रंगाच्या डबीत काडी बुडवून बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढायचा. बोल्ट पुढं कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. फौजेतली सवय. आमच्याकडं रेघ म्हणजे शब्द दिला. रेघ दिसली की दुसऱ्यानं त्या बोल्टला हात लावायचा नाही, विचारायचंही नाही.

फलटणहून त्याचा मेव्हणा संपत जुनी गाडी घेऊन आला. मारुतीचं गॅरेजमधलं ते पहिलं आख्खं इंजिन. काय दिवस होते ते! आम्ही जेवण विसरायचो. पिस्टन बसले, हेड बसलं, राहिले रॉकर आर्म. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, म्हणजे टॅपेट कव्हरखाली, ओळीनं बसलेले ते लोखंडी हात तुम्ही पाहिलेत का कधी? एका टोकाला खालून दांडी ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं, आणि इंजिन चालू असेतोवर ते आपले माना हलवत राहतात. प्रत्येकाला ऑइल लावायचं, दांडीचं डोकं त्याच्या खळग्यात बसलंय का बघायचं, मग थोडं थोडं करत बोल्ट कसत जायचं. मारुतीनं आकडा लावला, पुढचे सगळे कसले, रेघा ओढल्या. तेवढ्यात संपत आला. नारळ, हार, पेढे, सोबत निम्मी सासुरवाडी. मारुती त्यांना पाणी द्यायला बाहेर गेला. जाताना म्हणाला, “मागचं तेवढं तू कस गड्या. कट् झाल्यावरच रेघ.”

मी मागचे बोल्ट साध्या पान्यानं आवळले. टॉर्क रेंच शेजारीच होता. डबीतला रंग वाळत चालला होता, बाहेर संपत हाका मारत होता, आणि मला — खरं सांगतो — ते इंजिन ऐकायचं होतं. म्हटलं, आधी रेघा ओढून घेऊ, रेंच मग फिरवू. ओढल्या. मारुती आत आला, वाकला, पिवळी ओळ पुढून मागपर्यंत सलग बघितली. “शाब्बास,” म्हणाला आणि कव्हर उचललं.

तेव्हा तोंड उघडायला काय लागत होतं? ‘थांब, मागचे राहिलेत.’ एवढंच. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायचं धाडस झालं नाही, आणि वर माझं मनगट आतून म्हणत होतं, बसतंय की, एवढा काय तो कट्. त्यानं सेल मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. अंगावर काटा आला. मी नाचलो पण.

गाडी दहिवडीच्या पुढं बंद पडली. मागचा एक बोल्ट निघाला होता, रॉकर सुटून आडवा अडकला, दांडी वाकली, कव्हरला आतून ठोकर. कुणाला लागलं नाही. टेम्पोला बांधून गाडी परत आणली तेव्हा संपत पेठेतल्या माणसांदेखत म्हणाला, “दाजी, फौजेत इंजिनं बांधत हुता का भाकऱ्या थापत हुता?” सगळे हसले. मीपण हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

लोक पांगल्यावर मारुतीनं विचारलं, “शौकत, कट् झालतं न्हवं सगळ्यांचं?”

मी म्हणालो, “व्हय की.”

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. रेघ होती ना. मग चुकलं कुठं? त्यानंच शोधून काढलं: आकडा. आकडा त्यानं लावला होता. “माझ्या डोळ्यानंच घोळ केला रं,” म्हणाला. आणि त्यानंतर त्यानं इंजिनाच्या हेडला हात लावणं सोडलं. ऑइल बदलायचं, ब्रेक बघायचे, चाकं. पेठेत नाव पडलं भाकरी मिस्त्री. इंजिनाचा माणूस म्हणजे शौकत. आष्ट्याहून लोक मला शोधत यायला लागले. चाकाचे बोल्ट कसायचे असले, तरी मारुती रेंचला आकडा लावून माझ्यापुढं धरायचा. “बघ रं, बराबर हाय का?” आणि मी बघायचो. दरवेळी बघायचो, दरवेळी बरोबर असायचा, आणि दरवेळी मी परीक्षा घेतल्यासारखी मान डोलवायचो. चष्मासुद्धा मीच करायला लावला त्याला. सांगलीला नेऊन.

ह्या महिन्यात संपतनं तीच गाडी, तेव्हा न बांधताच परत नेलेली, गोठ्यातून बाहेर काढली. निरोप दिला, शौकतभाईनं बांधावी, दाजींनी लांब राहावं. मी बांधली. आज रॉकर चढवायचे होते. ऑइल लावलं, दांड्या बसवल्या, सगळं जागच्या जागी. आणि रेंच उचलला तो हात पुढं जाईना. मी तो मारुतीला दिला. म्हटलं, “तू कस.”

तो बघतच राहिला. मग हात पुसले, चष्मा घातला, मूठ फिरवून आकडा लावला. गालातल्या गालात हसत होता — एवढ्या वर्षांनी. आणि सवयीनं रेंच माझ्यापुढं धरला. “बघ रं.”

मी बघितलं नाही. म्हणालो, “मारुती, आकडा तवाबी बराबर हुता. मागच्या बोल्टांना मी रेंच लावलाच न्हवता. रेघा आधी ओढल्या.”

त्यानं रेंच मागं घेतला. बराच वेळ इंजिनात बघत उभा राहिला. मग वाकला आणि कसायला लागला. कट्. पुढचा. कट्. पुढून मागपर्यंत सगळे त्यानंच कसले, रेघा त्यानंच ओढल्या, सरळ, एकसारख्या. कव्हर लावलं. सेल मारायला मला खूण केली. इंजिन लागलं, आणि काय लागलं म्हणून सांगू — नुसता रेशमी आवाज, कुठं टकटक नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्या आवाजानं की कशानं, सांगता येत नाही. संपतला मी तिथूनच फोन लावला. बोल्ट कुणाचे सुटले होते आणि गाडी आज कुणी बांधली, दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, “आन् दाजी?”

मी वळून बघितलं. मारुती गेला होता. टेबलावर टॉर्क रेंच पुसून त्याच्या पेटीत ठेवला होता. काम झालं की तो आकडा उतरवून ठेवतो, तसा उतरवून.

पिवळ्या रंगाची डबी मात्र तो घेऊन गेलाय.