हजेरीबुकातला फे

टाकळीकरांचं डोकं फिरलेलं होतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सरकारी नोकरीतून सुटलेला माणूस देवदेव करतो, नातवंडं खेळवतो, नाहीतर औरंगपुऱ्यात चकाट्या पिटत बसतो. हेमचंद्र टाकळीकरांनी काय केलं, तर दगडखाण इतिहास मंडळ काढलं. मी निवृत्त शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून मला चिटणीस केलं. "अनसूयाबाई, तुम्हाला काही काम पडणार नाही," असं म्हणाले होते. पुढची आठ वर्षं मी नुसती राबत होते.

शहराच्या भोवती, तेव्हाच्या औरंगाबादच्या, डोंगरांत दगडाच्या खदानी होत्या. पोलीस ॲक्शननंतर रस्ते झाले, पूल झाले, कचेऱ्या झाल्या, त्या सगळ्याला इथलाच काळा दगड लागला. तो फोडणारी माणसं कुठून आली नि कुठं गेली, याची कुणाला पडलेली नव्हती. टाकळीकरांना पडलेली होती. दर दुसऱ्या रविवारी मंडळाची सहल निघायची. सहल कसली, एखाद्या बंद खदानीत उतरायचं, खडकातली सुरुंगाची भोकं मोजायची, नि मग जवळच्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, तुमच्यासंगं कामाला कोण कोण होतं? ते विचारायचे, मी नावं लिहायची. मंडळाचे सभासद कागदावर चौदा होते. उन्हात आम्ही दोघंच. बाकीचे बारा प्रदर्शनाला, तेही चहाच्या वेळेला उगवायचे.

प्रदर्शन दर जानेवारीत असायचं, दोन दिवस, शहागंजाजवळच्या एका शाळेच्या खोलीत. टेबलावर घण, छिन्न्या, पहारी, आणि मधोमध काचेच्या पेटीत एक उर्दू हजेरीबुक. काळ्या खदानीचं, सन एकावन्नचं. त्या बुकावर टाकळीकरांचा फार जीव. निजामाच्या शाळेत ते उर्दू शिकलेले. पुढं छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि जुनं उर्दू दफ्तर मराठीत उतरवायचा हुकूम निघाला, तेव्हा कचेरीतल्या या चोवीस वर्षांच्या कारकुनाच्या गळ्यात ते काम पडलं. त्यांनी पहिलं उतरवलं ते हेच बुक. कचेरीनं जुनी बुकं रद्दीत काढली, तेव्हा हे त्यांनी मागून घेतलं होतं.

खदानीचा मुनशी आळशी असावा. प्रत्येक नावापुढं तो रोज एकच अक्षर लिहायचा. टाकळीकर पेटीपाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचे. ‘हे’ हे अक्षर म्हणजे हाजिर. गैन म्हणजे गैरहाजिर. मीम म्हणजे मरीज, आजारी. आणि फे म्हणजे फरार, काम टाकून पळालेला. ऐकणाऱ्यातले निम्मे जांभया द्यायचे, पण यांचं चालूच.

पहिल्याच प्रदर्शनाला दगडाबाई आली. पिशोरची, साठीची, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे, खदानीतल्या माणसांची नावं मांडलीत म्हणून. एसटीतून उतरून विचारत विचारत आली आणि दारातूनच म्हणाली, "माझ्या मानसाचं नाव हाये का वो? फकिरा."

टाकळीकरांनी पेटी उघडली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हा बघा. फकिरा, मुक्काम पिशोर."

तिनं वाकून पाहिलं. वाचता कुठं येत होतं तिला. "आन् हे म्होरचं?"

"फे."

"फे म्हंजी?"

टाकळीकर घुटमळले. एरवी पोपटासारखे बोलणारे, पण बायकोला कसं सांगायचं. शेवटी तीच म्हणाली, "फरार ना? ठाव हाये मला. कचेरीत सांगितलं व्हतं."

मग पेटीपाशीच बसून तिनं सगळं सांगितलं. एकावन्न साली ती एकोणीस वर्षांची, बाळंतपणाला पिशोरला माहेरी आलेली. फकिरा काळ्या खदानीवर. सव्वा महिन्यानं लेकीला घेऊन ती खदानीवर गेली, तर झोपड्या मोडलेल्या, गडीमाणसं दुसरीकडं हलवलेली, एक राखणदार तेवढा बसलेला. तो म्हणाला, "फकिरा गेला." तिनं विचारलं, "कुठं गेला?" तर तो मान खाली घालून बिडी पेटवायला लागला. ती वाट बघत राहिली. लेक सहा-सात वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी सुचवलं म्हणून शहरात कचेरीत गेली, तिथं मराठी बुकात बघून सांगितलं, फरार. झालं. टाकलेली बाई म्हणून सगळा जन्म काढला. लेकीच्या लग्नात सोयऱ्यांनी विचारलं, बाप कुठंय, तेव्हा हिनं भर मांडवात सांगितलं, पळाला मुडदा.

"लई बोलते मी त्याला," ती म्हणाली. "रोज बोलते. चूल पेटली का माझं तोंड सुटतं."

त्यानंतर ती दर साली आली. आली की पेटी उघडायला लावायची, नावावर बोट ठेवायची, मग त्या फेवर ठेवायची. "मला जन्मात येवढं एकच अक्षर येतं," असं म्हणायची. "वाटोळं पोट आन् डोस्क्यावर टिकली." येताना शहागंजात उर्दू पाट्या लागतात. एका फळवाल्याच्या पाटीची सुरुवातच या अक्षरानं व्हायची. तिथं आली की ती तोंड फिरवून चालायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, दगडाबाई, त्या फळवाल्यानं तुमचं काय केलं? "त्यानं काय नाय केलं," ती म्हणाली. "त्याच्या पाटीवर त्यो बसलाय ना."

सातव्या वर्षी दिवाळीआधी खुलताबादचे काकासाहेब माझ्या घरी एक पत्र्याची पेटी घेऊन आले. शेतकरी माणूस, घराची साफसफाई काढली होती. त्यांच्या ओसरीवर पूर्वी एक मुनशी भाड्यानं राहायचा, त्याची पेटी. "तुमच्या मंडळाला हुईल कामाला, नाय तर बंबात घाला," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी टाकळीकरांना निरोप धाडला. ते दुपारी आले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, ते समोर पेटी उघडून बसले. आत काळ्या खदानीचंच हजेरीबुक निघालं, पुढच्या सालचं, त्याच मुनशीच्या हातचं. टाकळीकर खूश झाले. पहिलं पान वाचलं आणि परत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एकच पान दोनदा वाचणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून मी वर पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मुनशीनं यात अक्षरांचे अर्थ लिहून ठेवलेत. मीम म्हणजे मरीज नाही. मीम म्हणजे मफरूर."

"म्हणजे?"

"पळालेला."

"मग फे?"

"फौत."

फौत म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. घरातलं माणूस मेलं की आपण तलाठ्याकडं फौतीची नोंद घालायलाच जातो. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

ते तसेच उठले, घरून एकावन्नचं बुक घेऊन आले. पान काढलं. एकाच दिवशी तीन नावांपुढं फे होता, त्यातला एक फकिरा. आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर सगळ्या खदानीला गैन. एकही माणूस कामावर नव्हता. दरड आली असेल, नाहीतर सुरुंग उलटला असेल. ठेकेदारानं झाकलं आणि माणसं हलवली. मुनशीनं मात्र आपल्या आळशी अक्षरात खरं लिहून ठेवलं होतं. खोटं लिहिलं ते मराठीत.

"इतकी वर्षं लोकांना हे पान दाखवतोय मी," टाकळीकर म्हणाले. "तीन माणसं एकदम पळतात आणि दुसऱ्या दिवशी खदान बंद असते. मला एकदा वाटू नये, असं का? चोवीस वर्षांचा होतो, बाई. दिवसाला चाळीस पानं उतरवायची होती. त्या काळात मजूर पळायचेच. मी ठोकून दिलं फरार." आणि त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. पुरुषमाणसाला असं रडताना पाहायची मला सवय नाही, मी आत जाऊन पाणी आणलं.

तिला सांगायचं की नाही, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, गप्प बसा. ती कुंकू लावते, जेवते, शिव्या देते, धडधाकट आहे. सासष्टाव्या वर्षी तिचं कपाळ पुसून तुम्हाला काय मिळणार आहे? तुमच्या जिवाची टोचणी जाईल, एवढंच ना? ते म्हणाले, "मग मंडळ कशाला काढलं आपण?" मी म्हटलं, मसणात गेलं तुमचं मंडळ. आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. नवव्या दिवशी सकाळी ते दारात उभे, दाढी वाढलेली, काखेत ती दोन्ही बुकं गुंडाळलेली. "पिशोरच्या गाडीला चाललोय," म्हणाले. "एकटा गेलो तर माझ्याच्यानं बोलवणार नाही." मी चप्पल घातली.

दगडाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आम्हाला पाहून हरखली. "औंदा परदर्शन घरीच आणलं का काय," म्हणाली. चहा केला. चहा पिऊन होईपर्यंत टाकळीकरांनी कप दोनदा खाली ठेवला आणि दोनदा उचलला. मग त्यांनी बुकं उघडली, दोन्ही पानं तिच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "कचेरीत तुम्हाला ज्या बुकातून वाचून दाखवलं, ते मी लिहिलं होतं, दगडाबाई. चूक माझी आहे."

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. हात थांबले नाहीत तिचे.

"म्हंजी मला टाकून गेला न्हवता," ती म्हणाली.

"नाही."

"नुसता गेला."

टाकळीकरांनी मान हलवली.

"राखणदार खरं बोलला व्हता," ती म्हणाली. "फकिरा गेला, म्हनला. मीच येडी. कुठं गेला म्हनून इचारलं त्याला." मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "सत्तेचाळीस वर्सं शिव्या दिल्या मी त्याला. मुडदा म्हनले. त्यो खरंच मुडदा व्हता आन् मी त्याला रोज मुडदा म्हनत व्हते. आता त्या शिव्या कुटं ठिवू, साहेब?"

टाकळीकरांनी दोन्ही बुकं मिटली. ती रडलीबिडली नाही. उठली, घरात गेली, आणि बाहेर आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. पाण्याचे थेंब भुवयांवरून खाली येत होते. टाकळीकर खाली बघत बसले. निघताना तिनं मला ओंजळभर शेंगा बांधून दिल्या, त्यांच्या हातावरही ठेवल्या.

त्या जानेवारीतलं प्रदर्शन मंडळाचं शेवटचं. काचेच्या पेटीत टाकळीकरांनी दोन्ही बुकं उघडी ठेवली आणि खाली स्वतःच्या हातानं पाटी लिहिली: फे म्हणजे फौत. मराठी प्रतीत फरार असं चुकीचं उतरवणारा कारकून, हेमचंद्र टाकळीकर. मी म्हटलं, नाव कशाला घालता? ते म्हणाले, "त्या तिघांची नावं चुकीच्या रकान्यात आयुष्यभर राहिली, माझं दोन दिवस बरोबर रकान्यात राहू द्या." पुढल्याच उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. उरलेल्या दोन नावांच्या घरांचा तोवर शोध चालू होता आणि एकाही घराचा पत्ता लागला नाही, ते दुःख बरोबर घेऊन गेले. मंडळ मी चालवू शकले असते. चालवलं नाही. माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

पण दगडाबाईचं सांगायचं राहिलं. शेवटच्या प्रदर्शनाला ती येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आली. गाडीतून उतरल्याचा निरोप तिनं एका पोराकरवी धाडला, म्हणून टाकळीकर आणि मी तिला आणायला शहागंजात गेलो. पांढरं कपाळ, लुगडं तेच हिरवं. आम्ही तिघं चालत निघालो, फळवाल्याचं दुकान आलं. मी सवयीनं तिच्याकडं पाहिलं, आता ही तोंड फिरवणार म्हणून. ती थांबली. पाटी उंच होती, हात पोचत नव्हता. फळवाल्याच्या संत्र्यांच्या खोक्यावर एक हात टेकून ती टाचा उचलून उभी राहिली, दुसऱ्या हाताची बोटं त्या वाटोळ्या अक्षराच्या दिशेनं धरली, आणि तीच बोटं आपल्या कपाळाला लावली. फळवाला बघतच राहिला. "माफ कर रं," ती पाटीला म्हणाली, आणि आमच्या पुढं चालू लागली.