फिटरनं सोडवलेला हात

पिंपरीच्या कारखान्यात आमचा फिटर ख्रिस्ती होता. पाना उचलायच्या आधी डोळे मिटून पुटपुटायचा.

एकदा माझा हात दातेरी चाकांत अडकला. मशीन बंद केलं. कुणी म्हणे पुढं फिरवा, कुणी म्हणे मागं. हा आपला डोळे मिटून उभा!

“अरं, प्रार्थना कसली करतोस? हात चाललाय माझा!”

“म्हणूनच करतोय, राव.”

मग चाकं नीट न्याहाळून त्यानं ती हातानंच हळूहळू मागं फिरवली. बोटं शाबूत निघाली.

“एवढा वेळ?” मी डाफरलो.

“भ्यालो होतो. भ्यालेल्या हातानं चाक फिरवायचं न्हाई. आधी देवाकडं धीर मागितला.”

आमच्यातलं कुणी त्याच्या डब्यातलं खात नसे. मी आभार मानणाऱ्यांतला नव्हे. पण त्या दुपारी त्याची अर्धी भाकरी मागून खाल्ली.