मामांनी घडवलेली फौज

रांग सरळ झाली की देश सुधारतो, यावर आमच्या मामांइतका विश्वास साऱ्या पृथ्वीवर कुणाचा नसेल. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले मामा आता अंजूरच्या एका गोदामावर वॉचमन लोकांचे प्रमुख आहेत, आणि गेट उघडण्याआधी त्यांचे वॉचमन अशी कवायत करतात की ट्रकवाले हॉर्न वाजवायला धजत नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांनाही पाऊल जुळवून चालायला लावतात. एकदा निजामपुऱ्यात त्यांनी शेअर रिक्षाची गर्दी रांगेत उभी केली, तेव्हा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चचा, ये बॉर्डर नहीं, निजामपुरा है!" मामा म्हणाले, "इसीलिए तो आया हूँ!" मलाही त्यांनीच कान धरून अभ्यासाला बसवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मामांच्या शिट्टीवर घडला.

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे आफ्रिकेतला एक छोटा देश. आपल्या सरकारने तिथे दवाखाना बांधून दिला आणि सैन्याला शिकवायला एक तुकडी पाठवली, तिच्यात मामा होते. "त्यांच्याकं बूट व्हते, फौज न्हवती. ती आमी दिली," ते सांगत. दवाखान्याचा फोटो पाहून मलाही ते मनापासून पटे. त्यांच्या हाताखाली शिकलेला तिथला शिपाई मूसा त्यांचा लाडका. मामांना तो 'उस्ताद' म्हणे, त्यांच्याकडूनच हिंदी शिकला, मुलीला नाव दिलं तेही आमच्या मामींचं.

गेल्या महिन्यात मी मामांना त्या देशातला एक व्हिडिओ दाखवला. चौकात सैनिक एका ओळीत गुडघ्यावर बसले, बंदुका उचलल्या. "बग, बग! येक कोपर वाकडा न्हाय!" मामा ओरडले. मग कॅमेरा फिरला. समोर महागाईविरुद्ध घोषणा देणारी माणसं होती, बरीचशी कोवळी पोरं. गोळ्या सुटल्या. खाली लिहिलं होतं, जखमींना नेलं ते त्याच दवाखान्यात.

मामा चित्र थांबवून, मोठं करून मूसाला शोधू लागले. हेल्मेटखाली सगळे सारखेच. "उबं ऱ्हायच्या ढबीवरनं वलखला असता," ते पुटपुटले, "पन सगल्यांना येकच ढब मीच लावली रं."

मूसाला त्यांनी फोनवर बोलून निरोप पाठवला, "बेटा, कहाँ है?" संध्याकाळी त्याच्या आवाजात उत्तर आलं, "ड्यूटी पर हूँ, उस्ताद. आपकी दुआ से सब ठीक."

"जित्ता हाय," मामा म्हणाले. मला वाटलं, आता विचारतील, कसली ड्युटी? निरोप रेकॉर्ड करायच्या बटणावर त्यांनी अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाले, "खाना खा ले, बेटा," आणि फोन पालथा ठेवला.