याभाऊंचा नंबर

विमानतळामागच्या गाडीतळावर त्यांना सगळे याभाऊ म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. प्रवाशाला दारात सोडलं, डिकीतून बॅगा काढून दिल्या, की बाकीचे ड्रायव्हर मुकाट्याने गाडी पुढे काढत. हे मात्र हात वर करून म्हणायचे, "बरं, या!" पुन्हा जन्मात भेट होणार नाही अशा परक्या माणसालाही "या". एकदा एक प्रवासी हसून म्हणाला, "अहो, मी कायमचा चाललोय." त्यावर याभाऊ म्हणाले, "असू दे की. 'जा' म्हणायला माझी जीभच वळत नाही."

तीच जीभ एकदा वळली, आणि नेमकी पोटच्या पोरीपुढे.

तिला दूरची नोकरी लागली होती. "इथे काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?" असं यांनी म्हणायचं, "मला तीच हवी आहे," असं तिने म्हणायचं. असं आठवडाभर चाललं. शेवटी निघायच्या दिवशी यांचा तोल सुटला. "जायचं तर जा!" पोरगी दारातच थबकली. त्या घरात दुकानात जातानासुद्धा "येते" म्हणायची सवय. तिने बॅग उचलली आणि म्हणाली, "जाते." बाप ड्रायव्हर, गाडी दारात धुऊन पुसून उभी, आणि लेक मोबाइलवर दुसऱ्याची गाडी बोलावून गेली.

त्याला दोन वर्षं झाली. तिचे फोन यायचे, पण आईला. आई मुद्दाम स्पीकर लावायची आणि याभाऊ पलीकडच्या खोलीत पेपरचं एकच पान तासभर वाचत बसायचे.

"बाबांची कंबर कशी आहे गं?"

"तूच विचार ना, इथेच आहेत."

"नको. त्यांना म्हणावं, शेक घ्या."

मग रात्री याभाऊ शेकाची पिशवी पुढे करायचे. बायको गरम पाणी भरून द्यायची.

आणि आता ती चार दिवसांच्या सुट्टीवर येत होती. सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "दुपारी उतरतेय. आणायला जाल ना?"

"मला सांगितलंय का तिने? तिला गाडी बोलावता येते. गेली तेव्हा बोलावलीच होती की."

"दोघंही एकाच मातीचे! देवाने मला तुमच्या मध्ये कशाला बसवलं, त्यालाच ठाऊक." याभाऊ बाहेर पडल्यावर तिने देवासमोर हात जोडले. "आता तूच बघ रे बाबा," म्हणाली. पण सगळाच भार देवावर टाकणं बरं दिसत नाही, म्हणून मग तिने एक फोनही केला.

गाडीतळाची रीत अशी, की विमानतळाच्या दारात रिकामी गाडी उभी करू देत नाहीत. सगळ्यांनी मागच्या मैदानात थांबायचं. तिथे शिरलं की मोबाइल आपोआप नंबर लावतो. पुढचे जातील तसा आपला नंबर वर सरकतो. पहिल्याचा फोन वाजतो, प्रवाशाचं नाव आणि कुठे जायचं ते दिसतं, आणि काही क्षणांत होय की नाही ते सांगावं लागतं. नाही म्हटलं की भाडं दुसऱ्या नंबराकडे जातं आणि नाही म्हणणारा थेट शेपटाला. म्हणून ऊन असो, भूक असो, आलेलं भाडं कोणी सोडत नसे.

त्या दुपारी याभाऊंचा नंबर तिसरा होता. पुढे जाड्या, आणि सगळ्यांच्या पुढे मामा. मामा तळावरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. बायको जाऊन वर्षं झाली, एकटा जीव.

मामांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून पडदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "नको."

"अहो मामा, सकाळपासून बसलाय!" याभाऊ ओरडले.

तेवढ्यात जाड्याचा फोन वाजला. त्यानेही वाचलं. "छे, माझी पाठ धरलीय आज," म्हणत बोटाने उडवून लावलं.

"अरे, उन्हाने डोकं फिरलं का तुमचं? असं आहे तरी कोण ते भाडं?"

याभाऊ हे म्हणतायत तोवर त्यांच्याच खिशात वाजलं. पडद्यावर लेकीचं नाव होतं. खाली पत्ता, स्वतःच्याच घराचा.

"घ्या की! वेळ संपतोय," जाड्या म्हणाला. "आणि तुम्ही नाही घेतलं, तर मागचा तो पान खाणारा घेईल. सांगून ठेवतो."

याभाऊंनी अंगठा दाबला आणि मामांकडे पाहिलं.

"वहिनींचा फोन होता सकाळी," मामा म्हणाले. "पळा आता."

"तुमचा नंबर गेला ना पण."

"परत लावतो. मला घरी कोण ताटकळतंय?"

गाडी तळाबाहेर पडली तेव्हा याभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. आता तिच्याही मोबाइलवर आपलं नाव, आपला फोटो, गाडीचा नंबर सगळं दिसलं असेल. नको असेल तर ती एका बोटाने रद्द करेल. दोन वर्षांचं काय ते उत्तर आत्ता मिळणार. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि प्रवासी घ्यायला ठरलेल्या सहा नंबरच्या खांबापाशी गाडी लावली.

फोन किणकिणला. तिचा निरोप. एकच शब्द. "येते."

झालं! याभाऊ त्या शब्दाकडे बघतच राहिले. येते म्हणजे खांबापाशी येते? की निघताना म्हणतात ते येते? या पोरीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, निघताना येते म्हणावं. मग हा निरोप होता की निरोप घेणं होतं?

शिट्टी वाजली. "काका, गाडी काढा. इथे थांबायचं नाही," सुरक्षारक्षक खिडकीशी आला.

"पॅसेंजर येतंय."

"कुठे आहे?"

"येते म्हणालीय."

"माझी बायकोही येते म्हणून माहेरी गेलीय. महिना झाला."

"अहो, मुलगी आहे माझी," याभाऊंच्या तोंडून निघून गेलं. "रद्द केलं तर फोन वाजेल. अजून वाजलेला नाही. तेवढं थांबू द्या."

रक्षकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, शिट्टी खिशात घातली आणि मागच्या गाडीवर जाऊन खेकसू लागला.

आणि ती आली. ट्रॉली ढकलत, केस आखूड केलेले, जराशी वाळलेली. याभाऊंनी बॅग डिकीत ठेवली. ती सवयीने मागच्या सीटवर बसली. ते पुढे बसले आणि सवयीनेच म्हणाले, "ओटीपी सांगा."

"सांगा? बाबा, मी आहे!"

"तो घातल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही गं."

तिने चार आकडे सांगितले. यांनी दाबले. चूक. पुन्हा दाबले. पुन्हा चूक.

"चष्मा कुठे आहे?"

"खिशात."

"मग खिशाला वाचायला दिलाय का तो?" ती खाली उतरली, पुढचं दार उघडून शेजारी बसली, आणि त्यांच्या हातातला फोन घेऊन तिनेच आकडे घातले. "मागे बसून तुमच्याशी धड भांडताही येत नाही."

गाडी निघाली. हमरस्त्याला लागल्यावर याभाऊ समोर बघत म्हणाले, "मी तेव्हा 'जा' म्हणालो."

"म्हणालात."

"चुकलं माझं."

"मीही म्हणालेच की जाते." मग ती खिडकीकडे वळून म्हणाली, "कंबर कशी आहे?"

"तूच म्हणाली होतीस ना, शेक घ्या. घेतो रोज."

चार दिवसांनी तिला सोडायला तेच गेले. मोबाइल नाही, नंबर नाही, ओटीपी नाही. दारात बॅग देऊन त्यांनी हात वर केला. "ये."

"येते, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

याभाऊ तळावर परतले ते रांगेच्या अगदी शेपटाला. मामांनी पुढून मान वळवून विचारलं, "काय, गेली का पोरगी?"

"छे," याभाऊ म्हणाले. "येते म्हणालीय."