तडा न गेलेला फणस

आज सकाळी पडवीतल्या फळीच्या टोकावरचं वाळलेलं शेण मी सुरीने खरवडलं आणि नखाने चाचपून पाहिलं. तडा नव्हता, केसाएवढाही नाही.

वादळात अंगणातला फणस पडला, तेव्हा त्याच्या जाड फळ्या कापून घेतल्या. आमचे हे म्हणाले, "उन्हात टाकू, लवकर वाळतील." मी टाकू दिल्या नाहीत. ओलं लाकूड टोकांकडून भराभर सुकतं, पोटात मात्र ओल तशीच राहते, आणि त्या ओढाताणीत ते फाटतं. म्हणून टोकं शेणाने लिंपली, मध्ये पट्ट्या घालून फळ्या सावलीत रचल्या, वाकू नयेत म्हणून वर जुनं जातं ठेवलं. येणारे-जाणारे विचारायचे, "अजून वाळतंयच का?"

वाळतच होतं. झाड गेल्याचं माझं दुःखही तसंच, वरून लिंपलेलं, आतून हळूहळू हलकं होत होतं. घाई केली असती तर लाकूड आणि मी, दोघंही तडकलो असतो.

मी फळीवर बोटांनी ठोकलं. दारावर थाप पडावी तसा खणखणीत आवाज आला.

"कोण आलंय?" ह्यांनी आतून विचारलं.

"आपला फणस," मी ऐटीत सांगितलं.